लातूर रोड यायच्या आधी

फ्लेक्सची गुंडाळी उचलायला दोन माणसं लागत नाहीत. नांदेड स्टेशनच्या फलाटावर वीरेश आणि सोमेश मात्र ती दोन्ही टोकांना धरून, पावलं जुळवत चालले होते. डब्यात चढवताना ती दाराच्या पत्र्यावर आपटली, तेव्हा आवाज लोखंडाचा आला.

"काय आहे रे यात?" दामिनीनं विचारलं.

"बांबू हायेत, अक्का. फ्लेक्स उभा करायला." वीरेश तिचा चुलतभाऊ. खोटं बोलताना तो लहानपणापासून नाक ओढायचा. आताही त्यानं ओढलं.

गुंडाळीच्या कडेनं अप्पांचा अर्धा चेहरा दिसत होता. एक डोळा, अर्धी मिशी, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे. वीरेशच्या मित्रानं, सोमेशनं, ती बाकाखाली सरकवली आणि वर पाय ठेवून बसला. दामिनी म्हणाली, "पाय काढ." त्यानं पाय काढले. तेवढ्यात तिनं वाकून आत हात घातला. बोटांना गार सळई लागली, तिच्या शेजारी दुसरी, आणि ट्रकची चाकं खोलायची टॉमी. तिनं हात बाहेर काढला आणि पदराला पुसला. हाताला ग्रीस लागलं होतं.

गाडी सुटली तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. चाकूरच्या माळावर माघात मोटारींची रेस होते. जुन्या मोटारी, काचा काढलेल्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा, मातीची गोल वाट, कडेला सुतळीचा दोर. नांदेडची हौशी मंडळी पाच वर्षांपासून त्यासाठी लातूर रोडपर्यंत स्पेशल गाडी घेऊन जातात. पहिल्या वर्षी त्यासाठी सगळ्यात जास्त खटपट केली होती ती महादेवप्पांनी, म्हणजे दामिनीच्या वडिलांनी, अप्पांनी. कंधारकडचा माणूस, आयुष्यभर शंकरपटाचा नाद. बैलांच्या शर्यतींवर बंदी आली त्या वर्षांत दावणीची जोडी म्हातारी होऊन मेली आणि अप्पांचा जीव मोटारींवर आला. बंदी उठल्यावरही तो माघारी गेला नाही.

गेल्या वर्षी त्याच माळावर लखनच्या मोटारीनं अप्पांना उडवलं. लखन रेणापूरचा, एरवी वडाप जीप चालवणारा. मोटार मालकाची, हात याचे. पुढच्या गाडीनं धुरळा उठवला होता, त्या धुरळ्यातून लखनची गाडी आली, आणि धुरळा खाली बसला तेव्हा अप्पा पडलेले होते. त्यांच्या अंगाखाली दोर तुटला होता. गाडीच दोर तोडून बाहेर आली, असं नांदेडकरांनी सांगितलं. वीरेशनं तशी फिर्याद दिली. लखन अकरा दिवस आत राहिला, जामिनावर सुटला, आणि आता वर्ष होतंय न होतंय तोच रेसच्या पत्रकावर पुन्हा त्याचं नाव छापून आलं होतं. गाडी नंबर सत्तावीस.

दामिनीला मात्र खरं माहीत होतं.

पटात अप्पांची एक सवय होती. जोडी उधळत आली की ते अगदी कडेला उभे राहायचे आणि धावत्या बैलाच्या पुठ्ठ्यावर सणसणीत हात मारायचे. मग बैल उडतो, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी त्यांनी तिला व्हिडिओ कॉल लावला. डाव्या हातात फोन, तोंडभर हसू. "दामे, बघ. बैल काय अन् मोटार काय, पुठ्ठा तो पुठ्ठा. दोन गाड्यांना हाणला. आता तिसरीला हाणतो." दामिनी घरी शाळेचे पेपर तपासत होती. हसून ती म्हणाली, "मारा बघू." अप्पा दोराखालून वाकून आत गेले. मग फोनमध्ये आभाळ आलं, मग माती, मग कुणाचे तरी पाय.

पोलिसांना तिनं सांगितलं, फोन चालू होता, पण काही दिसलं नाही. आई, उमाबाई, तेव्हा भिंतीला टेकून बसली होती. येणारा-जाणारा म्हणत होता, देवमाणूस, उगाच गेला बिचारा. त्यात 'माझ्या सांगण्यावरून गेले' हे शब्द तिला उच्चारता आले नाहीत. पहिला आठवडा गेला, मग महिना गेला. नंतर ते आणखी अवघड होत गेलं.

त्या सळया लखनसाठी होत्या, आणि खरं सांगायला आता तिच्याकडे वेळ होता तो लातूर रोड येईपर्यंतचा.

पूर्णा गेल्यावर ती निवृत्तीकाकांशेजारी जाऊन बसली. निवृत्तीकाका एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, अप्पांचे पटातले जोडीदार. खिडकीतून बाहेर बघत तंबाखू मळत होते.

"काका, पोरांनी सळया घेतल्यात."

"हाव."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय इचारून करतेत का ते?"

तिनं आवाज खाली आणला. "काका, अप्पा स्वतः आत गेले होते. फोनवर मी बघितलं. पुठ्ठ्यावर हात मारायला गेले."

काकांच्या तळहातावरचा अंगठा थांबला. मग तंबाखू तशीच खिडकीबाहेर झटकून दिली.

"मला ठाव हाय, पोरी."

"काय?"

"त्याच्याआधी म्याच एका गाडीला हाणला व्हता. म्हणलं, अप्पा, तुमच्यानं आता होत न्हाई, म्हातारे झाले तुम्ही." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "मंग त्यो इरेला पडला."

चाकांचा खडखडाट मधे येत राहिला. दामिनीला वाटलं, आपण ओरडू. पण तिच्या तोंडून अगदी साधा आवाज निघाला. "तर मग सांगा ना वीरेशला. तुमचं ऐकेल तो."

"काय सांगू? का तुझा काका येड्यावानी मेला? गावानं पाया पडून माती दिली त्येला. आता बोलून काय हुतंय. चार रट्टे देतील अन् सोडतील."

"टॉमीनं चार रट्टे?"

काका उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

परभणीला वीरेश कागदात सुशीला, फोडणीचे मुरमुरे, घेऊन आला. "खा अक्का, सकाळधरनं काई न्हाई तुझ्या पोटात." मुरमुऱ्यांवरची मिरची त्यानं वेचून काढलेली होती, कारण तिला तिखट चालत नाही. तो तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्याचा बाप गेला तेव्हा अप्पांनीच त्याला आपल्या दुकानात घेतलं, वजनकाट्यावर उभं राहायला शिकवलं, लग्न लावून दिलं. लिंगायतांच्या रीतीनं अप्पांना मातीत बसवलं तेव्हा खड्ड्यात उतरून त्यांची मांडी घालणारा हाच होता. मोडलेला गुडघा वळेना, तर त्यानं तो दोन्ही हातांनी धरून, रडत रडत वळवला होता. त्या हाडाचा आवाज वरच्या सगळ्यांनी ऐकला होता.

"वीरेश, मला तुझ्याशी बोलायचंय."

"उतरल्यावर बोलू, अक्का."

"आत्ता."

"अप्पांचं काम झाल्यावर बोलू," तो म्हणाला, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवून पोरांत जाऊन बसला. तिनं सुशीलाचे दोन घास खाल्ले. मग कागद गुंडाळून ठेवला.

परळीला गाडी रेंगाळली. तिथं पिवळे टी-शर्ट घातलेले आठ-दहा जण चढले, पाठीवर मोठा सत्तावीस. त्यांना हा डबा कुणाचा ते माहीत नव्हतं, की माहीत असूनच चढले, हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही. गाडी हलली तशी ते टाळ्या पिटत ओरडायला लागले, "लखन! लखन!"

"ए, आवाज खाली," सोमेश म्हणाला.

"काऊन? गाडी तुझ्या बापाची हाय का?"

"बसा बे गुमान."

त्यांच्यातला एक किडकिडीत, दातात काडी धरलेला, हसत म्हणाला, "नांदेडकर हायेत वाटतं. काय हो, यंदा म्हातारं न्हाई आणलं आडवं जायला?"

काडीवाला अजून हसतच होता. वीरेश उठला, वाकला, गुंडाळीत हात घातला आणि उठता उठता टॉमी त्याच्या तोंडावर मारली.

असा आवाज दामिनीनं आधी कधी ऐकला नव्हता. ओली फांदी मोडावी तसा. काडीवाला मागं बाकावर आदळला, आणि तोंडातून रक्ताबरोबर दोन दात बाहेर आले. एक त्याच्याच टी-शर्टला चिकटला. मग सगळे उठले. सळया निघाल्या. फ्लेक्स उलगडत गेला आणि माणसं त्यावरून धावली. कुणी साखळी ओढायला गेलं, त्याच्या बोटांवर सळई बसली. कुणाचं डोकं खिडकीच्या गजावर दोनदा आपटलं गेलं. पिवळ्यांपैकी एकानं पट्टा काढला आणि बकलानं सोमेशची भुवई उघडली. पाच मिनिटंही झाली नसतील. मग पिवळे शेजारच्या डब्यात पळाले, काडीवाल्याला बगलेत धरून, आणि मधलं दार लागलं.

दामिनी वरच्या फळीला धरून उभी होती. त्या माणसानं जे सांगितलं ते खरं होतं. खरं बोलल्याबद्दल त्याचा जबडा गेला होता, आणि ते खरं वर्षभर तिच्याजवळ होतं.

घाटनांदूर मागं पडलं. वीरेश बेसिनपाशी हात धूत होता. नळाला पाणी थेंबथेंब येत होतं. ती त्याच्यामागं जाऊन उभी राहिली. उघड्या दारातून ज्वारीची शेतं पळत होती.

"तो खरं बोलला," ती म्हणाली.

"कोण?"

"ज्याला तू मारलंस तो. अप्पा स्वतः दोराखालून आत गेले. पुठ्ठ्यावर हात मारायला. मी फोनवर बघत होते. मीच म्हणाले, मारा बघू."

वीरेशनं नळ बंद केला. हात झटकले.

"तू घरी होतीस."

"व्हिडिओ कॉल होता. माझ्या डोळ्यांदेखत झालं."

"मंग वरीसभर?"

"नाही सांगितलं."

त्यानं तिचा दंड धरला. एवढा की तिला बोटं हाडापर्यंत जाणवली. त्यानं तिला दाराकडे ढकलत नेलं. तिचा एक पाय पायरीवर घसरला, केस वाऱ्यानं तोंडावर आले, खाली खडी नुसती राखाडी पट्टी होऊन पळत होती. क्षणभर तिचं सगळं वजन त्याच्या त्या एका मुठीत होतं. मग त्यानं तिला आत ओढलं आणि पत्र्यावर आपटलं.

"हे तू बोलली न्हाईस," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "म्या ऐकलं न्हाई. समजलं का अक्का? अप्पांना माती देताना त्यांचं गुडघं म्या मोडलंय. ते काय उगाच मोडलं म्या?"

"वीरेश, तो लखन मरेल."

"मरू दे."

लातूर रोडला उतरल्यावर पिवळ्यांच्या बाजूनं दगड आले. दोन डब्यांच्या काचा गेल्या. स्टेशनवरचे दोन पोलीस एका घोळक्याला आवरत होते, तोवर नांदेडची पोरं मागच्या बाजूनं रूळ ओलांडून टेम्पोत बसली. दामिनी त्याच टेम्पोच्या मागच्या फळीला लोंबकळत चढली. कुणी तिला हात दिला नाही, कुणी उतरवलंही नाही. निवृत्तीकाका कोपऱ्यात डोळे मिटून बसले होते.

माळावर भोंगे वाजत होते. मोटारींचा वास दुरूनच यायला लागला. रेस सुरू व्हायला अवकाश होता. गाड्या एका रांगेत उभ्या होत्या आणि सत्तावीस नंबरच्या बॉनेटखाली एक माणूस वाकला होता. दामिनीला वाटलं होतं, कुणी आडदांड असेल. हा बारीक होता. मानेवर घामोळं आलेलं. गाडीच्या पुढच्या चाकापाशी त्यानं नारळ फोडून ठेवला होता आणि त्याच्या शेजारी विटेला टेकवून महादेवप्पांचा वर्तमानपत्रातला फोटो.

वीरेशनंही तो फोटो बघितला. तो थांबेल, असं तिला वाटलं. पण फोटोनं उलटंच झालं. "नाटकं करतो का बे!" सोमेश ओरडला, आणि त्याच्या सळईनं पहिला वार लखनच्या पाठीत बसला.

लखन इंजिनावर पडला. वळून त्यानं हात वर केला तर टॉमी मनगटावर आली. बॉनेटची दांडी निसटली आणि पत्रा त्याच्या खांद्यावर कोसळला. त्यांनी त्याला ओढून खाली घेतलं. पाच जण होते. एकानं तोंडावर लाथ मारली, दुसऱ्यानं पोटात. तो ओरडतही नव्हता. नुसता म्हणत होता, "दिसले न्हाईत ओ, मला दिसले न्हाईत."

दामिनी मधे घुसली. कुणाचा तरी कोपर तिच्या गालफडात बसला आणि तोंडात रक्ताची चव आली. ती लखनच्या अंगावर आडवी झाली. एक सळई तिच्या खांद्याला घासून मातीत रुतली.

"थांबा!" तिचा आवाज भोंग्याच्या वर गेला. "अप्पा स्वतः आत गेले होते! मी बघितलंय! काका, सांगा! काका!"

हात थांबले. सगळ्यांनी मागं बघितलं. निवृत्तीकाका टेम्पोच्या पायरीवर उभे होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"काका, खरं का हे?" सोमेशनं विचारलं. त्याची भुवई अजून गळत होती.

"खरं हाय," काका म्हणाले. "म्याच डिवचलं व्हतं त्येला. सोडा त्या पोराला."

एका पोरानं सळई खाली टाकली. सोमेश आपल्या हाताकडे बघत राहिला. दूर पोलिसांची शिट्टी वाजली आणि लोक धावत यायला लागले.

वीरेश मात्र पुढं आला. लखनच्या अंगावरून त्यानं दामिनीला एका हातानं बाजूला केलं, कणगीवरचं पोतं सरकवावं तसं. लखनचा उजवा हात मातीत उताणा पडला होता. वीरेशनं सगळं ऐकलं होतं, घाटनांदूरलाही आणि आताही. त्यानं टॉमी दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि त्या हातावर मारली. एकदाच. मग ती टाकून दिली आणि तिथंच मांडी घालून बसला, पोलीस येईपर्यंत.

लातूरच्या दवाखान्यात दुपारभर ती बाकावर बसून होती. हवालदारानं जबाब घेतला. तिनं पहिल्यापासून सांगितलं: फोन, दोर, 'मारा बघू', गुंडाळीतलं लोखंड, वीरेशचा शेवटचा वार. भावाचं नाव आलं तेव्हा तिनं पाणी मागितलं. पाणी पिऊन तिनं पूर्ण नाव सांगितलं. हवालदार म्हणाला, "मॅडम, हे तुम्ही गेल्या वर्षी का नाही बोललात?" तिनं सही केली.

चारच्या सुमारास लखनची आई आली. पंचफुलाबाई. रेणापूरहून, कुणाच्या तरी शेतातली हरभऱ्याची काढणी टाकून. पदराला घाटे अडकलेले. हाताची तीन बोटं वाचणार नाहीत असं डॉक्टरांनी तिला सांगितलं, तेव्हा तिनं नुसती मान हलवली. मग ती दामिनीसमोर येऊन उभी राहिली.

"तू कोन बाई? माझ्या लेकराच्या अंगावर पडली म्हणतेत, ती तूच का?"

"मी महादेवप्पांची मुलगी." आणि तिनं बाकीचंही सांगितलं.

पंचफुलाबाईनं ऐकून घेतलं. मग तिनं दामिनीच्या थोबाडीत मारली. सकाळी कोपर बसला होता त्याच गालावर. हात कामाचा होता. दामिनीचं डोकं भिंतीवर आदळलं. नर्स धावली, तर दामिनीनंच तिला हातानं थांबवलं.

"वरीस झालं," पंचफुलाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "वरीसभर माझं लेकरू ताटावरनं उठतंय. घास तोंडापशी नेतंय अन् म्हणतंय, आई, मी मानूस मारला. जीपवर जात न्हवतं. यंदा मालकानं पाय धरले तवा आलं. म्हणलं, अप्पाला नारळ फोडून येतो अन् मग कायमचं सोडतो." तिनं श्वास घेतला. "अन् तुला ठाव व्हतं."

"हो."

तिनं पुन्हा हात उगारला. दामिनीनं तोंड वळवलं नाही. पण हात तसाच खाली आला.

"मला काय सांगतीस," पंचफुलाबाई म्हणाली. "आत जा. त्येला सांग."

लखन खाटेवर होता. उजवा हात कोपरापर्यंत पांढरा गुंडाळलेला, एक डोळा सुजून मिटलेला. ती आत आली तसा तो उठायला लागला. त्यानं डावा हात बँडेजच्या हाताला लावायचा प्रयत्न केला. तो हात जोडत होता, हे तिला कळायला जरा वेळ लागला.

"ताई," तो म्हणाला, "मला दिसले न्हाईत ओ. देवाशपथ."

"तुम्हाला दिसणारच नव्हते," ती म्हणाली. खाटेची कड धरून ती उभी राहिली आणि तिनं सांगितलं. वडिलांची बैलांची सवय, दोन गाड्या, तिसरी गाडी, ती घरी बसून काय म्हणाली ते.

लखन छताकडे बघत राहिला. सुजलेल्या डोळ्यातून पाणी आलं, ते त्याला पुसता येईना. तिनंही पुसलं नाही. तेवढा हक्क आपला नाही, असं तिला वाटलं. दारात त्याची आई उभी होती.

"परत सांगा," तो म्हणाला.

तिनं खाटेशेजारचं स्टूल ओढलं, त्यावर बसली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.